दवाखान्यातलं माहेर

माझ्या पोटातलं मूल पायाळू आहे हे कळलं, तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

नातसुनांना हे सांगितलं की त्या डोळे मोठे करतात. त्यांच्या डॉक्टरणी पडद्यावर बघून सांगतात, बाळाचे पाय खाली आहेत, आणि या पोरींचे चेहरे पडतात. माझा खुलला होता. आमच्याकडं पायाळू म्हणजे जन्माबरोबर मिळालेली पदवी. पायांकडून जन्मलेल्या माणसानं पाठीला हलकीशी लाथ लावली की धरलेली कंबर सुटते, जमिनीखालचं पाणी त्याला कळतं, पुरलेलं धन त्याला दिसतं. फक्त वीज कडाडत असताना त्यानं बाहेर फिरायचं नाही, कारण ती म्हणे त्यालाच शोधत येते. एवढी एक अडचण सोडली तर सगळा फायदाच. आणि असं लेकरू माझ्या पोटी! मी आरशात बघून स्वतःलाच मान दिली असेल.

तसाही माझा तोरा जन्मजातच होता. मी लातूरची. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, त्यात मुलींना शिकवणारं घर विरळा. पण आमच्या वडिलांनी मला घरी मराठी शिकवलं आणि भावाच्या इंग्रजी पुस्तकातली कॅट, रॅट, मॅट मी चोरून पाठ केली. एवढ्या भांडवलावर मी नांदेडला सून म्हणून आले, ती जणू विलायतेहूनच उतरले. माझ्या लेखी जगात चारच ठिकाणं होती: लातूर, नांदेड, हैदराबाद आणि लंडन.

नांदेडला गावाच्या कडेला, एका अडत्याच्या रिकाम्या माळवदी घरात, एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. सगळे त्यांना मडम म्हणत. लग्न न केलेल्या, उंच, उन्हानं नाक कायम सोललेलं. सासूबाई मला पहिल्यांदा तिकडं घेऊन गेल्या तेव्हा मी ठरवूनच गेले होते की आता दुभाषी आपणच. मडमसमोर ताठ उभी राहिले आणि येत होतं तेवढं सगळं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं, उंदीर-मांजरासकट.

मडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काय म्हनून राहिलीस माय? पोटात दुखतंय का?"

त्यांना मराठी शिकवली होती आमच्या गल्लीतल्या सुईणीनं, त्यामुळं ती अस्सल गावाकडची होती. वरून मुन्शीकडून शिकलेल्या उर्दूची फोडणी. शेजारी बसलेली ती सुईण पदराआड हसून हसून लाल झाली. सासूबाई पुढं महिनाभर मांजर दिसलं की मला म्हणायच्या, "सूनबाय, बघ गं, तुझ्या वळखीचं आलंय."

या मडमच्या गावच्या बायकांचं एक मंडळ होतं. तिकडून दर वर्षी बोटीनं एक मोठी ट्रंक यायची. त्यात साबण, कात्र्या, गुंडाळलेल्या पट्ट्या, मऊ पांढरं कापड आणि लोकरीच्या बाळटोप्या. नांदेडच्या वैशाखात लोकरीची टोपी! बाया हसून बेजार. सासूबाईंनी एक टोपी चहाच्या किटलीवर घातली आणि ती इतकी बरोबर बसली की दोन शेजारणी तशाच मागून घेऊन गेल्या. पुढं एकदा मडमनी सहज सांगितलं की तिकडं लढाईमुळं लोकर मिळत नाही, त्या बायका घरातले जुने स्वेटर उसवून टोप्या विणतात. सासूबाई घरी आल्या, किटलीवरची टोपी काढली, धुतली, वाळवली आणि घडी करून पेटीत ठेवली.

मग बसून विचार झाला. हळदीकुंकवाला जमलेल्या बायांनी ठरवलं की आपणही काही पाठवलं पाहिजे, नाहीतर ते बरं दिसत नाही. खणाच्या, झालर लावलेल्या कुंच्या शिवल्या. लहान मुलाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ना, त्या. पुढल्या ट्रंकेबरोबर एक फोटो आला: एक गोबरं गोरं बाळ, कुंची उलटी घातलेली, झालर तोंडावर, आणि झालरीतून एकच डोळा दिसतोय. तो फोटो आमच्या आळीत इतका फिरला की त्याचे कोपरे झिजले. त्या वेळी बायांनी मडमला स्पष्ट सांगितलंही की टोप्या पुरे, त्यापेक्षा खेड्यातल्या सुईणींना एकेक डबा द्या, साबण आणि कात्री घालून. आणि पुढच्या खेपेला खरंच पत्र्याचे डबे आले. मुदखेडच्या, भोकरच्या, उमरीच्या सुईणी ते डबे डोक्यावर घेऊन मिरवत गेल्या.

पण एक गोष्ट डब्यानं होत नव्हती. दिवस गेलेली बाई दवाखान्यात पोट दाखवायला यायची नाही. काही दुखत नाही तर डॉक्टरकडं कशाला जायचं, असा सरळ हिशोब. यावर तोड काढली मडमनीच. बाया येत नाहीत तर आपण जावं. कुठं डोहाळजेवण असलं की मडम हजर. सगळ्यांच्या शेवटी त्या ओटी भरायला पुढं व्हायच्या. एका हातानं तांदूळ, नारळ, हळकुंड पदरात घालायच्या आणि दुसरा हात सावकाश पोटावर फिरायचा. ओटी भरून होईपर्यंत डोकं कुठं, पाठ कुठं, सगळं त्यांना कळलेलं असायचं. बायांनाही ते ठाऊक होतं, पण ओटी भरताना हात लागला त्याला तपासणी कोण म्हणतंय!

सुरुवातीला एका आजींनी खुसपट काढलंच होतं. "मडम बिनलग्नाची. तिनं ओटी भरायची का?"

सासूबाई फटकन म्हणाल्या, "सवाष्णीनं भरल्या तरी मरतातच की पोरी. हिनं भरू द्या."

माझं डोहाळजेवण सातव्यात व्हायचं होतं. पण भावकीत सुतक आलं, मग आठवा लागला, म्हणून ते नवव्यावर गेलं. लातूरहून आई आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जेवण आटोपलं की दोन दिवसांत मला घेऊन जायचं असं ठरलेलं. मी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसले होते, आणि कुणी माझ्याकडं बघत नसेल तर खोकत होते.

मडमनी ओटी भरली. नारळ पदरात पडला तरी हात पोटावरून निघेना. सुईणीला त्यांनी डोळ्यानं बोलावलं. तिनंही हात फिरवला. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"डोस्कं वर हाय," मडम माझ्या बरगडीखाली बोट ठेवून म्हणाल्या. "पाय खाली."

"पायाळू!" मी एवढ्यानं ओरडले की पदरातला नारळ घरंगळून गेला.

त्या क्षणापासून मी चालत नव्हते, मिरवत होते. शेजारच्या काकूंची कंबर कायमची धरलेली; त्यांना मी सांगितलं, पहिली लाथ तुमची. टांगेवाल्या चाचांना दुसरी. "यजमानांच्या हेडमास्तरांना पाठीत उसण भरते म्हणे," असं म्हणून त्यांचंही नाव घातलं. आमच्या यजमानांना हे समजलं तेव्हा ते डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "आधी जन्मू तर द्या." ते उर्दू शाळेत मास्तर होते. दिवसभर पोरांना दटावायचे आणि घरी माझ्यापुढं त्यांचा आवाज निघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मडम घरीच आल्या. ओसरीवर बसून त्यांनी मला समजावलं, की पोटावरूनच हलक्या हातानं लेकरू फिरवून बघते. फिरलं तर बरं. नाही फिरलं तर दवाखान्यातच बाळंत हो. लातूरचा प्रवास नको. वाटेत कळा सुटल्या तर हात लावायला कुणी नसेल.

"फिरवायचं?" मी म्हटलं. "आणि साधंच करून ठेवायचं? मडम, तुम्हाला आमच्यातलं कळत नाही."

आईनंही मान हलवली. तिची अडचण निराळी होती. "पहिलटकरीण सासरच्या गावी ठेवली तर लातुरात लोक मला काय म्हणतील? लेकीचं बाळंतपण जड झालं म्हणतील की!"

 मडम उठल्या आणि "इचार करा," एवढंच बोलून गेल्या. मला वाटलं, जिंकलो. मी सासूबाईंकडं बघितलं. लाथांचा सगळा कारभार चालला होता तेव्हा त्या एकदाही हसल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्या सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या थोरलीचं बी लेकरू पायाळू व्हतं."

थोरली नणंद माझ्या लग्नाआधीच वारली होती, एवढंच मला माहीत होतं. कशानं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"पहिल्या खेपंला माझ्याकडंच आली व्हती. लेकराचे पाय दिसले, तशा समद्या बाया हरखल्या. म्या बी हरखले. पाय आले, अंग आलं, अन् डोस्कं अडकलं." सुपातले तांदूळ त्यांनी उगाच एकदा पाखडले. "तवा ही मडम नव्हती हितं. दोघं बी गेली."

 मी पोटावर हात ठेवला. आतापर्यंत मी त्यात एक देवाचा माणूस घेऊन हिंडत होते. आता कळलं, आत एक एवढंसं लेकरू आहे आणि त्याला बाहेर यायला दार उलटं मिळालंय.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"हसत व्हतीस. कसं सांगू?"

आईनं डोळे पुसले. पण ती लातूरची, हट्ट सोडेल तर शपथ. जरा वेळानं म्हणाली, "विहीणबाई, तुमचं सगळं खरं. पण पहिलं बाळंतपण सासरी…"

"सासरी कोन म्हनतंय? दवाखान्यात."

"दवाखाना काय हिचं माहेर आहे?"

"तुमी तिथं चूल मांडा," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या हातचं खाईल, तुमच्या हातानं न्हाईल. मंग म्हायेर न्हाई तर काय ते?"

आईनं बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "तिथं जळण मिळतं का?"

दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. पुढं बैलांच्या दमणीत मी, मागं आईची भांडी, शेवया, डिंकाचे लाडू, हाळीव, पाटा-वरवंटा आणि ओव्याचं गाठोडं. दवाखान्याच्या मागच्या पडवीत तीन दगड मांडून आईनं चूल पेटवली तेव्हा मडम दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी कितीतरी बाळंतपणं केली असतील, पण पेशंटबरोबर पाटा-वरवंटा आलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

लेकरू फिरवायचा प्रयत्न झाला. सुईणीनं तेल लावलं, मडमनी हात ठेवले. मला एवढ्या गुदगुल्या झाल्या की मी हसायला लागले, आणि मी हसले की पोट हलायचं, पोट हललं की मडमचा हात सुटायचा. एकदा लेकरू अर्धं फिरलंसुद्धा. मडमनी श्वास सोडला, तेवढ्यात ते पुन्हा होतं तिथं जाऊन बसलं.

"आईवानीच हाय," सुईण म्हणाली. "कुनाचं आयकनार न्हाई."

मडमनी मग तो नाद सोडला. "हाय तसं येऊ दे. आपून हाव ना हितं."

पुढचे दिवस मजेत गेले असं म्हटलं तर माझ्या भीतीला खोटं पाडल्यासारखं होईल. रोज सकाळी उठल्या उठल्या मी पोटावर हात ठेवून बघायची, डोकं अजून वरच आहे का. असायचंच. पण भ्यायला फुरसत कुठं होती? आई आणि मडम यांचं युद्ध सुरू झालं होतं. मडमनी खिडकी उघडली की आई वाकळ लावून ती बंद करायची. वारा लागतो! शेवटी तह झाला: वरचं दार उघडं, खालचं बंद. मग एके दिवशी सुईणीनं मडमच्या सांगण्यावरून कात्र्या उकळायला आईचं पातेलं घेतलं.

"माझ्या वरणाच्या पातेल्यात कात्र्या शिजवल्या!" आईचा आवाज गोदावरीच्या पलीकडं गेला असेल. मडमनी हात जोडले. आईनं पातेलं घासलं, पुन्हा घासलं, आणि मग स्वतःच दुसरं एक पातेलं काढून दिलं, "हे घ्या, हे तुमच्या कात्र्यांचं," म्हणून. त्याच दिवशी मडम माझ्याशेजारी पाटावर बसून वरणभात जेवल्या. तुपाला नाही म्हणायचं नसतं हेही त्यांना आईनंच शिकवलं.

आणि एका सकाळी, आई शेवया उकडत असताना, मला कळा सुरू झाल्या.

सासूबाई धावत आल्या, पण खोलीत येईनात. उंबऱ्याशी बसल्या. माझं डोकं आईच्या मांडीवर. सुईण बाजूला, मडम समोर. दुपार होत आली तसं मडमचं बोलणं थांबलं. त्या फक्त सुईणीकडं बघून एखादा शब्द टाकायच्या आणि सुईण तो माझ्यासाठी मोठ्यानं म्हणायची. "जोर लाव. आता न्हाई! थांब. फुंकर घाल, चुलीवर घालतीस तशी. हां, आता लाव."

पाय आले. मला ते मडमच्या तोंडावरून कळलं. कुणी हरखलं नाही. 

"अंग आलं," सुईण म्हणाली.

मग मडमनी एकच शब्द उच्चारला आणि सुईणीनं माझ्या ओटीपोटावर तळहात ठेवून दाबला. मडमचा एक हात आत, एक बाहेर, आणि त्या इतक्या सावकाश काम करत होत्या की मला ओरडावंसं वाटलं, अहो, ओढा की! मडमनी ओढलं नाही. त्यांनी लेकराला नुसतं वर उचलत नेलं, जणू दुधाचं भांडं न हिंदकळता शिंक्यावर ठेवायचंय.

ते बाहेर आलं आणि रडलं नाही.

निळसर होतं. मडमनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. सुईणीनं तळव्यांवर टिचक्या मारल्या. आईनं माझं डोकं घट्ट धरून ठेवलं.  मडमनी लेकराच्या तोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकर घातली. पुन्हा घातली. आणि मग अशी काही किंकाळी आली की माळवदावरची कबुतरं उडाली.

सासूबाई उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांनी लेकराकडं नाही, आधी माझ्याकडं बघितलं. माझ्या गालाला, कपाळाला, हातांना हात लावून बघितला, सगळी आहे ना म्हणून. मग मडमचे दोन्ही हात धरले. ते अजून रक्तानं भरलेले होते. आमच्या सासूबाई, ज्या नळाला हात लागला तरी धुवायच्या, त्यांनी ते हात सोडले नाहीत.

"मुलगी हाय," मडम म्हणाल्या.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या, "लई गुनाची हाय. आली."

लाथांचं मी पुढं कुणाशी बोलले नाही. शेजारच्या काकू येऊन आशेनं पाठ करून बसल्या होत्या; लेक त्यांच्या पाठीवर शांत झोपली. काकूंना तेवढ्यानंही बरं वाटलं म्हणे.

पण आईच्या चुलीची गोष्ट गावभर झाली. दवाखान्यात लेकीजवळ आईला राहता येतं, तिच्या हातचं खाता येतं, म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरीच झालं म्हणायला हरकत नाही, असं बायांनी आपापल्या सोयीनं ठरवून टाकलं. एकीपाठोपाठ एक यायला लागल्या. पडवीत चुलींची एवढी गर्दी झाली की धुरानं मडमचे डोळे सदा पाणावलेले. पुढल्या खेपेला तिकडच्या बायकांनी विचारलं, काय पाठवू? तर आमच्या मंडळीनं हळदीकुंकवात बसून ठरवलं: पडवीला लागून एक लांब छपरी हवी, आयांच्या चुलींसाठी.

तिकडून उलट विचारणा झाली, बाळंतपणाचा आणि चुलीचा काय संबंध? मडमनी काय उत्तर दिलं ते ठाऊक नाही. बहुतेक माझ्या आईचंच वर्णन केलं असावं, कारण पुढं त्या मंडळानं केक करून विकले, जत्रेसारखं काही भरवलं आणि पत्र्यांची सोय केली. आम्हीही मागं राहिलो नाही. भोकरकडच्या एका शेतकऱ्यानं सागाची लाकडं घातली, त्याच्या सुनेचं बाळंतपण मडमनी केलं होतं. सासूबाईंच्या उमरीच्या भावांनी गाडीभर बांबू आणले. जमीन आम्ही बायांनी सारवली. मीसुद्धा, लेकीला पाठीशी बांधून. मी त्यातही अक्कल पाजळली, आणि माझा कोपरा दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवावा लागला.

छपरी झाल्यावर पहिली दमणी आली ती मुदखेडकडून. आत एक पहिलटकरीण, तिची आई आणि तिची सासू. दोघींनी आपापली चूल मांडायची तयारी करून आणलेली. कुणाची आधी पेटणार यावरून दारातच जुंपली. पोरीची आई म्हणे, माझी लेक. सासू म्हणे, माझा वंश. मडम त्यांच्यामध्ये उभ्या राहून आपल्या गावरान मराठीत समजावत होत्या आणि दोघीही त्यांचं ऐकत नव्हत्या.

मदतीला आलेल्या आमच्या सासूबाई आतून ओरडल्या, "भांडा बायांनो, पर आत येऊन भांडा. पोरगी उन्हात उभी हाय!"